गरम पाणी आणि आपले चार शब्द

(साक्षरता वर्गाच्या रात्रीच्या बैठकीत दिलेले भाषण)

थंडीचे दिवस आहेत. दिवसभर शेतात राबून, रात्री घोंगडी पांघरून तुम्ही वर्गाला आलात. मला आनंद वाटतो. आज मी इतिहास सांगणार नाही की कविता सांगणार नाही. आज मी आंघोळीच्या पाण्याबद्दल बोलणार आहे.

हसू नका. आंघोळीचे पाणी ही लहान गोष्ट नाही. ते तापवायला कोण उठते? घरातली बाई उठते. पहाटे चारला उठते. तिच्या डोळ्यांत धूर जातो. लाकूडफाटा कोण आणते? तीच आणते. आणि आता घरात वीज आली, गिझर आला, तर बिल कोण भरतो? घरधनी भरतो. म्हणजे या एका बादलीत बाईचे कष्ट आहेत आणि पुरुषाचा पैसा आहे. मग तिच्याबद्दल बोलायला नको का?

पण माझे खरे सांगणे पुढेच आहे. गिझर कसा असावा, त्याने वीज किती खावी, याचे नियम सरकार करते. ते नियम पक्के करण्याआधी सरकार लोकांना विचारते. “तुमचे म्हणणे काय?” असे विचारते. आपल्याला हे ठाऊकच नसते. म्हणून आपण उत्तर देत नाही. आज आपण ते उत्तर द्यायला शिकू.

चूल, बंब आणि गिझर

पूर्वी आपल्या घरी चुलीवर हंडा असे. बऱ्या घरात तांब्याचा बंब असे. बंबाच्या मधोमध नळी असते. नळीत निखारे आणि भोवती पाणी. वरून थंड पाणी ओतले की तोटीतून गरम पाणी येते. बंब हे शहाण्या माणसाचे काम आहे. त्यात जाळ मधे आणि पाणी भोवती असते. त्यामुळे उघड्या चुलीपेक्षा उष्णता कमी वाया जाते.

मग विजेची कॉइल आली. बादलीत सोडायची, बटण दाबायचे. स्वस्त वस्तू, पण धोक्याची. बटण चालू असताना पाण्यात बोट घालून “तापले का” बघणारा माणूस जिवाशी खेळतो. आधी बटण बंद करा. मग पिन काढा. मग कॉइल बाहेर काढा. मगच पाण्याला हात लावा. लहान मुलांना त्या बादलीजवळ येऊ देऊ नका.

त्यानंतर गिझर आला. गिझर म्हणजे काय? एक टाकी. टाकीत कॉइल. टाकीच्या भोवती ऊब धरून ठेवणारा थर. त्यावर पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे कवच. पाणी ठरावीक तापले की वीज आपोआप तुटते. पाणी निवले की पुन्हा जोडली जाते. पाण्याच्या टाकीला घोंगडी पांघरली आहे, असे समजा. घोंगडी जाड असेल तर ऊब टिकते. विरलेली असेल तर ऊब जाते. आजचा सगळा विषय या घोंगडीचा आहे.

एका युनिटाचा हिशेब

तुम्हाला आता बेरीज, वजाबाकी, गुणाकार येतो. तेव्हा हिशेब करू.

१००० वॉटचे यंत्र १ तास चालले की १ युनिट वीज खर्च होते. गिझरवर बहुधा २००० वॉट लिहिलेले असते. म्हणजे तो १ तास सलग तापत राहिला तर २ युनिटे गेली.

आता १ युनिटात किती पाणी तापते? हिवाळ्यात सकाळी पाणी साधारण २० अंशांवर असते असे धरा. आंघोळीला ४० अंश पुरतात. म्हणजे २० अंश चढवायचे. १ युनिट विजेत सुमारे ४० लिटर पाणी २० अंशांनी तापते. २० लिटरची बादली धरली तर २ बादल्या.

घरात ६ माणसे. ६ बादल्या. ३ युनिटे. महिन्याचे ३० दिवस. ३ गुणिले ३० किती? ९०. बरोबर. फक्त आंघोळीच्या पाण्याला महिन्याला ९० युनिटे!

आपल्या महाराष्ट्रात घरगुती विजेचे टप्पे आहेत. पहिल्या १०० युनिटांचा दर कमी. त्यापुढे गेलात की दर चढतो. दिवे, पंखा, टीव्ही यांची युनिटे आधीच असतात. त्यात ही ९० पडली की आपण चढत्या दरात जातो. म्हणून हिवाळ्यातले बिल बघून माणूस दचकतो आणि म्हणतो, “मीटर बिघडला.” मीटर नेहमी बिघडलेला नसतो. कधी कधी आपला हिशेब बिघडलेला असतो.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. पाणी तापवायला जी वीज लागते ती लागतेच. कॉइलवर चालणारा कोणताही गिझर ती वाचवू शकत नाही. महागडा असो की स्वस्त, ४० लिटर पाण्याला १ युनिट लागणारच. ती वाचवायची तर उन्हावर पाणी तापवा, नाहीतर पाणी कमी वापरा. मग एका गिझरात आणि दुसऱ्या गिझरात फरक कशाचा? फरक घोंगडीचा.

आंधळं दळतंय

गिझरमध्ये पाणी तापले. तुम्ही बटण बंद केले नाही. शेतावर गेलात. टाकीतली ऊब हळूहळू कवचातून बाहेर जाते. पाणी निवते. वीज पुन्हा जोडली जाते. पाणी पुन्हा तापते. पुन्हा निवते. घरात कोणी नाही, कोणी आंघोळ करीत नाही, तरी मीटर फिरतोच आहे. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

हे जे पीठ कुत्रे खाते, त्याचे माप काढता येते. पाणी न वापरता टाकी २४ तास गरम ठेवायची आणि किती वीज गेली ते मोजायचे. गिझरची परीक्षा अशीच घेतात. ज्याची वीज कमी जाते त्याला जास्त तारे देतात.

ही ताऱ्यांची पट्टी तुम्ही दुकानात पाहिली असेल. फ्रिजवर असते, एअर कंडिशनरवर असते, तशी गिझरवरही असते. १ ताऱ्यापासून ५ ताऱ्यांपर्यंत. जास्त तारे म्हणजे जास्त जाड घोंगडी. पट्टीवर टाकी किती लिटरची ते लिहिलेले असते. २४ तासांत किती वीज वाया जाते तेही लिहिलेले असते. आकडे तुम्हाला वाचता येतात. विक्रेत्याच्या तोंडाकडे बघू नका. पट्टीकडे बघा. दोन गिझर सारख्याच लिटरचे असतील तर ज्याचा वायाचा आकडा लहान, तो घ्या.

पट्टीवर वर्षही असते. ते का? कारण दर काही वर्षांनी परीक्षा अवघड करतात. काल ५ तारे मिळवणारी वस्तू नव्या परीक्षेत कमी ताऱ्यांवर येते. शाळेत वरच्या वर्गात गेल्यावर गणित अवघड होते ना, तसेच. तेव्हा जुना माल नव्या भावाने कोणी गळ्यात मारत असेल तर वर्ष बघा.

तारे विजेची बचत सांगतात. आयएसआयची खूण वस्तू भारतीय मानकाप्रमाणे बनली आहे असे सांगते. विजेवरच्या गिझरला आणि कॉइललाही ती खूण सक्तीची आहे. खूण नसलेली वस्तू फुकट मिळाली तरी घरात आणू नका.

नियम कोण करतो?

२००१ साली संसदेने ऊर्जा संवर्धन कायदा केला. त्या कायद्याने २००२ साली ऊर्जा दक्षता ब्युरो नावाची कचेरी दिल्लीत सुरू झाली. कोणत्या यंत्राने किती वीज खावी, कोणत्या यंत्रावर ताऱ्यांची पट्टी असावी, हे या कचेरीच्या सल्ल्याने केंद्र सरकार ठरवते. ताऱ्यांची पट्टी २००६ सालापासून आली. आधी काही वस्तूंना ती ऐच्छिक होती, मग एकेक वस्तूला सक्तीची होत गेली. विजेवरच्या साठवणीच्या गिझरलाही आता ती सक्तीची आहे.

पण सरकार मनाला येईल तसा नियम करू शकते का? नाही. या कायद्याखाली नियम करताना आधी कच्चा नियम छापावा लागतो. कच्च्या नियमाला मसुदा म्हणतात. मसुदा सरकारी राजपत्रात छापतात. त्यासोबत सांगतात, “अमुक तारखेनंतर आम्ही यावर विचार करू. तोवर हरकती आणि सूचना पाठवा.” आलेल्या हरकतींचा आणि सूचनांचा विचार करणे हे सरकारवर बंधन आहे. ही रीत आजकालची नाही. १८९७ सालच्या एका कायद्यात ती लिहिलेली आहे.

विचार करावा लागतो, म्हणजे आपले म्हणणे मान्यच होते असे नाही. ते खोटे मी सांगणार नाही. पण जे म्हणणे पोचलेच नाही, त्याचा विचार कोण करणार?

आणि म्हणणे कोणाचे पोचते? गिझर बनवणाऱ्या कारखान्यांचे पोचते. त्यांच्याकडे इंग्रजी लिहिणारी माणसे आहेत. परीक्षा थोडी सैल ठेवा, मुदत थोडी वाढवा, असे म्हणणे त्यांना सोयीचे असते. त्यात गैर काही नाही, धंदा करणाऱ्याने आपले म्हणणे मांडावे. शहरातल्या ग्राहक संस्थाही लिहितात. पण पहाटे चारला उठणाऱ्या बाईचे म्हणणे कोण लिहितो? पाचामुखी परमेश्वर असे आपण म्हणतो. पण त्या पाचांत आपले एकही मुख नसेल तर परमेश्वराला आपले काय कळणार?

माझी चूक

तुम्ही म्हणाल, “गुरुजी, आम्ही गरीब माणसे. आम्ही नाही लिहिले तर काय बिघडते?” काय बिघडते ते मी सांगतो. हे मी माझ्याच चुकीतून शिकलो आहे.

मी मुख्याध्यापक असताना एकदा वरून पत्र आले. शाळेची वेळ बदलायची आहे, पालकांची मते घेऊन कळवा, असे पत्र होते. मी काय केले? पत्राची नक्कल काढली आणि सूचना फलकावर लावली. आठ दिवस वाट पाहिली. कोणी आले नाही. मी शेरा मारला, “पालकांची हरकत नाही.” पत्र परत गेले. वेळ बदलली.

नवी वेळ गुरे राखणाऱ्या मुलांना जमेना. सकाळी गुरे सोडायची तीच शाळेची वेळ झाली. महिन्याभरात नऊ मुले शाळेत यायची थांबली. मी त्यांच्या घरी गेलो. एका मुलाच्या आईला विचारले, “बाई, तुम्ही हरकत का नाही घेतली? मी फलकावर कागद लावला होता.” ती म्हणाली, “गुरुजी, कागद दिसला होता. पण तो कशाचा ते कसं कळावं? मला वाचता कुठं येतं?”

मी मान खाली घातली. मी चाळीस वर्षे दुसऱ्यांना वाचायला शिकवले आणि माझ्या ध्यानात हे आले नाही, की न वाचता येणाऱ्याला मी कागदावर विचारले. तिच्या मुक्या राहण्याला मी “हरकत नाही” असे नाव दिले. नऊपैकी सहा मुले मी परत आणली. तीन आली नाहीत. ती तीन अजून मला बाजारात भेटतात. नमस्कार करतात. मला तो नमस्कार टोचतो.

म्हणून निवृत्त झाल्यावर मी हा रात्रीचा वर्ग घेतो. कारण सांगायचे नव्हते. आज सांगितले.

मंडळी, गप्प राहिले की लोक त्याचा अर्थ “हो” असा लावतात. तुम्हाला आता वाचता येते. आता तुम्ही गप्प राहिलात तर तो दोष फलकाचा नाही.

वर्गात झालेला वाद

गेल्या आठवड्यात मी हा विषय वर्गात काढला तेव्हा मोठा वाद झाला. तो तुम्हालाही ऐकण्यासारखा आहे.

एक तरुण म्हणाला, “गुरुजी, सरकारने ५ तारेवालेच गिझर विकू द्यावेत. बाकीचे बंद करावेत. वीज वाचेल.”

मागे एक मावशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आणि किंमत वाढली तर? मग मी कुठला गिझर घेते? मी आपली चुलीपाशीच बसते. नाहीतर ती बाजारातली बिनखुणेची कॉइल आणते.”

दोघांचेही खरे आहे. आपण फळ्यावर हिशेब मांडला. तो असा.

समजा दोन गिझर आहेत, दोन्ही २५ लिटरचे. पहिला २४ तासांत १ युनिट वाया घालवतो. दुसरा अर्धा युनिट घालवतो. दुसरा १००० रुपयांनी महाग आहे. विजेचा दर युनिटाला ८ रुपये धरा. हे आकडे समजुतीसाठी धरले आहेत. तुम्ही दुकानातले आणि बिलावरचे खरे आकडे घालून हिशेब करा.

गिझर रात्रंदिवस चालू ठेवला, तर दुसऱ्यात रोज अर्धा युनिट वाचते. महिन्याला १५ युनिटे. १५ गुणिले ८, म्हणजे १२० रुपये. जादा दिलेले १००० रुपये आठ-नऊ महिन्यांत फिटतात.

पण आपल्या घरी गिझर रात्रंदिवस कोण ठेवतो? पहाटे लावतो, तीन तासांत सगळ्यांच्या आंघोळी उरकतात आणि बटण बंद करतो. तीन तास म्हणजे दिवसाचा आठवा भाग. तेव्हा बचतही आठवा भाग. १५ युनिटांऐवजी महिन्याला जेमतेम २ युनिटे. १६ रुपये. मग १००० रुपये फिटायला पाच वर्षांहून जास्त लागतात.

हिशेब झाला आणि वर्ग गप्प झाला. मग त्या मावशीच म्हणाल्या, “म्हणजे गुरुजी, ही परीक्षा आमच्या घरासारखी घेतलीच नाही. दिवसभर गिझर पेटता ठेवणाऱ्यांच्या घरासारखी घेतली.”

मी उठून उभा राहिलो. मी म्हणालो, “मावशी, हे तुम्ही दिल्लीला कळवा.”

कारण हा मोलाचा मुद्दा आहे. २४ तासांची परीक्षा चुकीची नाही. दवाखान्यात, वसतिगृहात, मोठ्या कुटुंबात टाकी बराच वेळ गरम राहते. तिथे जाड घोंगडी हवीच. म्हणून त्या तरुणाचेही म्हणणे पाठवले पाहिजे. पण सकाळी तीन तासच गिझर लावणाऱ्या घराला किती वीज लागेल, हेही पट्टीवर लिहा, अशी सूचना आपण करू शकतो. त्यासाठी इंजिनियर व्हावे लागत नाही. आपल्या घरात काय चालते ते खरे सांगावे लागते. आणि ते दिल्लीच्या साहेबापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे.

वर्गात आणखी मुद्दे निघाले. विहिरीचे आणि बोअरचे पाणी जड असते. कॉइलवर पांढरा क्षार चढतो. कॉइल लवकर जळते. मग जड पाण्यात गिझर किती टिकतो, हे पाहायला नको का? पट्टीवरचा बारीक मजकूर इंग्रजीत असतो. तो मराठीत का नको? बिघडलेला भाग तालुक्याला मिळत नाही. मग चांगला गिझर तीन वर्षांत भंगारात जातो. त्यात वीज वाचली तरी पैसा बुडालाच. एक आजी म्हणाल्या, “टाकी केवढी घ्यावी हेच कोणी सांगत नाही.” खरे आहे. दोन माणसांच्या घरी ५० लिटरची टाकी म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

पहा, अर्ध्या तासात पाच सूचना झाल्या. यातली एकही पुस्तकातली नव्हती.

पत्र कसे लिहावे?

मसुदा निघाला हे कसे कळणार? वर्तमानपत्रात येते. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या संकेतस्थळावर येते. मोबाइल वापरणाऱ्या तरुणांनी महिन्यातून एकदा तिथे बघावे आणि गावाला सांगावे. हे काम त्यांनी अंगावर घ्यावे. मसुदा निघाला की ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. नुसता फलकावर लावू नये. मी केलेली चूक तुम्ही करू नका.

मसुदा इंग्रजीत किंवा हिंदीत असेल. घाबरू नका. गावातल्या शिकलेल्या मुलामुलींकडून समजून घ्या. उत्तर मात्र तुमचे तुम्ही लिहा. मराठीत लिहिले तर चालेल का? आपल्या घटनेचे ३५० वे कलम असे सांगते, की आपले गाऱ्हाणे केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे तिथे चालणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मराठी ही या देशाची भाषा आहे. तेव्हा निःशंक लिहा.

पत्रात पाच गोष्टी असाव्यात. एक, कोणत्या मसुद्याबद्दल लिहिता ते. दोन, तुम्ही कोण आणि घरात माणसे किती ते. तीन, तुमची अडचण. चार, तुमची सूचना. पाच, सही आणि तारीख. मुदतीच्या आत पाठवा. पाठवल्याची पावती जपून ठेवा.

हा नमुना पहा.

मा. महासंचालक,
ऊर्जा दक्षता ब्युरो,
सेवा भवन, रामकृष्ण पुरम,
नवी दिल्ली ११००६६

विषय : घरगुती गिझरच्या मसुद्यावर सूचना.

महोदय,
मी गावात राहते. माझ्या घरी सहा माणसे आहेत. आम्ही गिझर पहाटे तीन तास लावतो, मग बंद करतो. पट्टीवर २४ तासांचा आकडा असतो. त्यावरून आमच्या घरात किती वीज लागेल ते कळत नाही. कृपा करून तीन तासांच्या वापराचाही आकडा लिहावा. तो मराठीत लिहावा. नियम कडक करताना किंमत आमच्या आवाक्यात राहील असे पाहावे. माझ्या सूचनेचा विचार व्हावा ही विनंती.

आपली नम्र,
(सही व तारीख)

झाले. दहा ओळी. यात एकही अवघड शब्द नाही.

आणि हे एका गिझरपुरते नाही. विजेचा दर ठरवतानाही महाराष्ट्र वीज नियामक आयोग लोकांच्या हरकती मागवतो. २००३ सालच्या वीज कायद्याप्रमाणे लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घेऊनच आयोगाला दर ठरवावा लागतो. त्याची जाहीर नोटीस वर्तमानपत्रात येते. जाहीर सुनावणी होते. तिथे उभे राहून बोलताही येते. बिल आल्यावर पारावर बसून शिव्या देण्यापेक्षा बिल ठरण्याआधी दहा ओळी लिहिणे बरे.

पत्राचे उत्तर येईपर्यंत

दिल्लीहून उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या हातातले आपण करू.

आंघोळी झाल्या की गिझरचे बटण बंद करा. पाणी चटका बसेल इतके तापवून त्यात थंड पाणी ओतत बसू नका. तापमानाचे चाक मधे ठेवा. आंघोळी लागोपाठ उरका. एक पाच वाजता आणि एक नऊ वाजता असे केले तर टाकी दोनदा तापते. गिझरला जाड वायर आणि १६ अँपिअरचा सॉकेट लावा. दिव्याच्या बारीक वायरवर गिझर चालवू नका. अर्थिंग तपासून घ्या. ज्यांच्या घरी गॅसचा गिझर आहे त्यांनी बंद न्हाणीघरात तो लावू नये. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. तो गिझर बाहेर मोकळ्या हवेत लावा. आणि ज्यांच्या छपरावर दिवसभर ऊन पडते त्यांनी सौर बंबाची चौकशी करावी. ऊन बिल पाठवत नाही.

बंधूंनो आणि भगिनींनो, या वर्गात पहिल्या दिवशी तुम्ही हजेरीपटावर अंगठा उठवला होता. तो हजेरीपट मी अजून ठेवला आहे. दुसऱ्या महिन्यात तुम्ही सही केलीत. सही करताना तुमचे हात थरथरत होते. पण सही कशासाठी शिकायची? सावकाराच्या कागदावर करायला? बँकेतून पैसे काढायला? तेवढ्यासाठीच नव्हे. आपले म्हणणे लिहावे आणि त्याखाली आपले नाव घालावे, यासाठी सही असते.

त्या मावशींनी परवा आपले पत्र लिहून काढले. तीन वेळा खोडले, चौथ्यांदा लिहिले. मला दाखवायला आणल्या. दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घाची चूक होती. मी पेन उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. मी म्हणालो, “असू द्या. म्हणणे बरोबर आहे.” मसुदा निघेल त्या दिवशी ते पत्र टपालात पडेल. तोवर त्यांनी ते देव्हाऱ्याजवळ ठेवले आहे.

उद्या वर्गाला येताना प्रत्येकाने वही आणि आपले विजेचे बिल आणावे. आपण सगळे पत्र लिहू.